सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह संथ झाला असेल तर

तबकडी ठेवून ट्रे आत ढकलावा, ड्राइव्हचा दिवा लुकलुकू लागावा, आतून थांबत थांबत घरघर ऐकू यावी आणि पडद्यावर मात्र बराच वेळ काहीच उमटू नये, हा अनुभव घरच्या संगणकावर जुन्या सीडी-डीव्हीडी वापरणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. अशा वेळी ड्राइव्ह म्हातारा झाला असे समजून तो बदलण्याची घाई केली जाते. खरे पाहता संथ वाटणारा ड्राइव्ह बहुतेक वेळा आळसावलेला नसतो. उलट तबकडीवरची एखादी जागा नीट वाचता येत नसल्यामुळे तो तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत असतो, आणि दर वेळी वेग थोडा कमी करून पाहत असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली की शोधाची दिशा ठरते. वाचन कशामुळे अडते आहे, तबकडीमुळे, लेन्समुळे, की ड्राइव्ह आणि संगणक यांच्यामधल्या मार्गामुळे, एवढेच आपल्याला शोधायचे असते.

त्याआधी नेहमीचा वेग किती असतो हे माहीत हवे, नाहीतर निरोगी ड्राइव्हलाही आजारी ठरवले जाईल. तबकडी आत गेल्यावर ड्राइव्ह प्रथम ती फिरवतो, तिच्यावर लेसर टाकून परत येणाऱ्या प्रकाशावरून ती कोणत्या जातीची आहे ते ओळखतो, किरण अचूक केंद्रित करतो आणि मग आतल्या कडेजवळची अनुक्रमणिका वाचतो. एवढ्याला दहा-पंधरा सेकंद लागणे स्वाभाविक आहे. घरी लिहिलेल्या, त्यातही अनेक वेळा थोडे थोडे लिहीत गेलेल्या तबकड्यांना आणखी काही सेकंद द्यावे लागतात. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू तर प्रकाशाचा जेमतेम १५ ते २५ टक्के भाग परत पाठवते, त्यामुळे ती ओळखायला ड्राइव्हला जास्त खटपट करावी लागते. शिवाय काही मिनिटे कोणी काही मागितले नाही तर ड्राइव्ह मोटर थांबवतो, आणि त्यानंतरच्या पहिल्या क्लिकला तबकडी पुन्हा गती घेईपर्यंत काही सेकंद जातात. हा बिघाड नव्हे.

ड्राइव्हवर छापलेल्या आकड्यांचा अर्थही समजून घ्यावा. सीडीच्या बाबतीत १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, म्हणजे ५२ एक्स हा वेग सेकंदाला साधारण ७.८ मेगाबाइट भरतो. डीव्हीडीचा १ एक्स मात्र सेकंदाला १.३८५ मेगाबाइट असतो आणि १६ एक्सचा वेग सुमारे २२ मेगाबाइट होतो. पण हे आकडे तबकडीच्या बाहेरच्या कडेचे आहेत. तबकडी एकाच गतीने गरगर फिरत असल्याने आतल्या भागाखालून कमी लांबीची वाट सरकते आणि तिथला वेग निम्म्याहूनही कमी असतो. वाचनाची सुरुवात आतूनच होते, म्हणून पहिल्या काही क्षणांवरून ड्राइव्हची पारख करू नये. भरलेली ७०० मेगाबाइटची सीडी चांगल्या ड्राइव्हवर अडीच-तीन मिनिटांत आणि ४.७ गिगाबाइटची डीव्हीडी पाच-सहा मिनिटांत उतरते, असा ठोकताळा धरता येतो. चित्रपटाच्या डीव्हीडी वाचताना अनेक ड्राइव्ह आवाज कमी राहावा म्हणून मुद्दाम हळू चालतात, तेव्हा मोजमापासाठी त्या घेऊ नयेत. मोजायचेच असेल तर एक मोठी फाइल घड्याळ लावून कॉपी करावी. शेकडो बारीक फाइली घेतल्या तर प्रत्येक फाइलीसाठी लेन्सला नव्या जागी सरकावे लागते, एका सरकण्याला शंभर-दीडशे मिलिसेकंद जातात, आणि ती सगळी उशिराची बेरीज ड्राइव्हच्या माथी मारली जाते.

आता मुख्य परीक्षा. तीन तबकड्या घ्याव्यात: एक कारखान्यात छापलेली आणि ओरखडे नसलेली, एक घरी लिहिलेली, आणि तिसरी जिच्यामुळे तक्रार उद्भवली ती. शक्य असेल तर सीडी आणि डीव्हीडी दोन्ही प्रकार तपासावेत. फक्त तिसरीच संथ असेल तर दोष तबकडीचा आहे आणि ड्राइव्हला हात लावण्याचे कारण नाही. छापलेली झटपट उघडते पण घरी लिहिलेल्या सगळ्याच रखडतात, असे असेल तर लेन्सवर धूळ आहे किंवा लेसर क्षीण झाला आहे, कारण लिहिलेल्या तबकडीचा संकेत मुळातच नाजूक असतो. सीडी व्यवस्थित चालतात आणि डीव्हीडी चालत नाहीत, किंवा याच्या उलट, हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्याला कारण आहे. सीडी ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त किरणांनी वाचली जाते, तर डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या किरणांनी. ड्राइव्हमध्ये दोन्हींची वेगळी सोय असते, आणि त्यांतली एक थकली तरी दुसरी धडधाकट राहू शकते. तिन्ही तबकड्या सारख्याच रखडत असतील तर लेन्स, केबल आणि सेटिंग या तिघांकडे वळावे. संशयित तबकडी दुसऱ्या संगणकात घालून पाहिली तर ही परीक्षा आणखी पक्की होते.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. त्या तबकडीवर घरची छायाचित्रे, कोणाचा आवाज किंवा दुसरीकडे कुठेही नसलेली कागदपत्रे असतील, तर दुरुस्तीचा विचार नंतर करावा आणि जे वाचता येते ते आधी उतरवून घ्यावे. संथ का होईना, ड्राइव्ह वाचतो आहे तोवरच ही संधी असते. सगळी तबकडी एकदम ओढून टाकण्याऐवजी एकेक फोल्डर घ्यावा, म्हणजे एका खराब फाइलीपायी बाकीच्या अडून राहत नाहीत. जी फाइल अडते ती सोडून पुढे जावे आणि शेवटी तिच्याकडे परत यावे. दुसऱ्या बनावटीचा ड्राइव्ह तीच तबकडी सुरळीत वाचतो, असे पुष्कळदा घडते, म्हणून एका ड्राइव्हवर हरले तरी आशा सोडू नये. वेग कमी ठेवण्याची सोय देणारी छोटी सॉफ्टवेअर मिळतात, आणि लिनक्सवर इजेक्ट या आज्ञेलाच वेगाचा आकडा देता येतो. खराब तबकडी ४ किंवा ८ एक्सवर मुद्दाम हळू वाचली तर एकूण काम लवकर आटोपते, कारण चुकल्यामुळे तीच जागा पुन्हा वाचण्याच्या फेऱ्या टळतात.

तबकडी तपासताना ती दिव्यासमोर तिरकी धरावी. बोटांचे ठसे आणि चिकट डाग सहज दिसतात आणि तेच सर्वांत सोपे शत्रू आहेत. मऊ, तंतू न सोडणाऱ्या कापडाने मधल्या छिद्रापासून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल गोल फिरवून कधीही पुसू नये. यामागे तबकडीची रचना आहे. माहिती एका अखंड सर्पिलाकार वाटेवर मांडलेली असते आणि तिच्यात चुका दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती विखरून ठेवलेली असते. आतून बाहेर जाणारा ओरखडा प्रत्येक वेढ्याचा थोडाच भाग झाकतो, आणि तेवढी झीज ही दुरुस्तीची योजना भरून काढते. वाटेच्या दिशेने गेलेला वर्तुळाकार ओरखडा मात्र एकाच वेढ्याचा लांबलचक पट्टा गिळतो, आणि मग भरून काढायला काही उरत नाही. डाग हट्टी असेल तर साधे पाणी आणि सौम्य साबणाचा एक थेंब पुरतो. नंतर तबकडी पूर्ण कोरडी करावी. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश काढायचा द्राव यांनी प्लॅस्टिक धुरकट होते.

तबकडीची चित्राची बाजू जास्त जपायची, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सीडीचा १.२ मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा थर वाचनाच्या बाजूला असतो, आणि माहितीचा चमकदार थर वरच्या छापील बाजूच्या अगदी खाली, फक्त लाखेच्या पातळ आवरणाखाली असतो. खालच्या बाजूचा ओरखडा पुष्कळदा निभावून जातो, पण वरच्या बाजूला टोकदार पेनने लिहिलेले नाव माहितीच खरवडून नेते. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन पापुद्र्यांच्या मधोमध असल्याने ती या बाबतीत सुरक्षित असते. वर कागदी लेबल चिकटवले असेल आणि त्याचा एखादा कोपरा उचकटला असेल, तर तबकडीचा तोल जातो, ती थरथरते आणि ड्राइव्ह नाइलाजाने वेग उतरवतो. असे लेबल ओढून काढण्याचा मोह टाळावा, कारण सीडीवरून लेबलाबरोबर चमकदार थरही निघून येतो. त्याऐवजी कोपरा हलक्या हाताने दाबून बसवावा आणि मिळेल ती माहिती कमी वेगाने उतरवून घ्यावी.

मधल्या छिद्रापासून निघालेली चीर दिसली तर ती तबकडी जलद ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नये. ५२ एक्सच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला सुमारे १०,००० फेऱ्या घेते, आणि तडा गेलेली तबकडी त्या वेगात आतल्या आत फुटून ड्राइव्हचा चुराडा करू शकते.

तबकडी निर्दोष ठरली की लेन्सची पाळी येते. लॅपटॉपच्या किंवा सडपातळ बाह्य ड्राइव्हमध्ये ट्रे बाहेर काढला की लेन्स समोरच दिसते, छोट्या निळसर मण्यासारखी. संगणक बंद करावा, बाह्य ड्राइव्हची केबल काढावी, आणि आधी हातपंपाने दोन-चार वेळा हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, त्याने ओलावा बसतो. एवढ्याने भागले नाही तर कापसाच्या काडीवर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब घेऊन, काडीचे वजनही लेन्सवर पडणार नाही इतक्या हलक्या हाताने, मधून बाहेर पुसावे आणि दहा मिनिटे वाळू द्यावे. लेन्स अतिशय बारीक तारांवर तरंगती बसवलेली असते. जोर दिला तर त्या वाकतात आणि मग ड्राइव्ह कायमचा जातो. मोठ्या संगणकातल्या ड्राइव्हची लेन्स आत असते. तिथे बारीक ब्रश लावलेली साफसफाईची तबकडी एक-दोनदा चालवून पाहावी. तिने सुटी धूळ निघते, चिकट थर मात्र निघत नाही. ड्राइव्ह उघडून साफ करण्याचा सल्ला मी सरसकट देणार नाही. चालू अवस्थेत उघडा ड्राइव्ह डोळ्यांना धोकादायक असतो, आणि सीडीचा किरण तर नजरेला जवळजवळ दिसतही नाही. ड्राइव्ह टाकूनच द्यायचा ठरला असेल, वीज पूर्ण काढलेली असेल आणि हाताला सवय असेल, तरच चार स्क्रू काढून आत पाहावे. तसे पाहिले तर लेन्सचा गाडा ज्या दांड्यांवरून सरकतो त्यांवरचे वंगण घट्ट झालेले आढळते. जुने वंगण पुसून नवे अगदी थोडे लावले की जागा बदलताना होणारा उशीर कमी होतो.

ट्रेच उशिरा बाहेर येत असेल, किंवा बटण दाबल्यावर नुसती गुणगुण होत असेल, तर ती तक्रार वेगळी आहे. ट्रे ओढणारा रबरी पट्टा सैल पडलेला असतो आणि वाचनाशी त्याचा संबंध नसतो. तबकडी अडकलीच तर संगणक बंद करून ड्राइव्हच्या तोंडावरच्या बारीक छिद्रात सरळ केलेली कागदाची पिन हळूच दाबावी, म्हणजे ट्रे हाताने ओढता येतो.

आता ड्राइव्ह आणि संगणक यांच्यामधल्या मार्गाकडे पाहू. बाह्य ड्राइव्ह असेल तर वीज कमी पडणे हे कारण सर्वांत आधी धरावे. यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळण्याची हमी असते, आणि तबकडीला गती देतानाच्या क्षणी काही ड्राइव्हना त्याहून जास्त लागते. तबकडी फिरू लागते, थांबते, टिक असा आवाज येतो आणि पुन्हा फिरू लागते, हे त्याचे नेमके लक्षण. ड्राइव्ह हबला न जोडता थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला जोडावा, शक्य तर ९०० मिलिअँपिअर देणाऱ्या यूएसबी ३ च्या पोर्टला, आणि सोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडे लावावीत. आत बसवलेला ड्राइव्ह साटा केबलचा, म्हणजे अरुंद चपट्या केबलचा, असेल तर संगणक बंद करून केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवावी, दुसरी केबल आणि मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरून पाहावा.

ज्यांच्याकडे रुंद पट्टीच्या केबलचा जुना आयडीई ड्राइव्ह आणि विंडोज एक्सपी आहे, त्यांनी पुढचा भाग लक्षपूर्वक वाचावा, कारण चांगल्या ड्राइव्हला निष्कारण बाद ठरवण्याचे प्रकार याच ठिकाणी सर्वांत जास्त होतात. असे ड्राइव्ह नेहमी डीएमए पद्धतीने चालतात, म्हणजे माहिती प्रोसेसरला न अडवता थेट मेमरीत जाते. पण त्या मार्गावर वाचनाच्या चुका होत राहिल्या आणि त्यांची एकूण संख्या सहावर गेली की विंडोज वेगाची पायरी एकेक करून खाली आणते आणि शेवटी पीआयओ पद्धतीवर येऊन थांबते. तिथे प्रत्येक तुकडा प्रोसेसरच्या हातून जातो, त्यामुळे तबकडी चालू असताना माउसही अडखळतो आणि गाणे तुटक वाजते. दुर्दैव असे की ज्या ओरखड्यांच्या तबकडीमुळे हे घडले ती काढून टाकली तरी सेटिंग आपोआप पूर्ववत होत नाही. माझ्या जुन्या संगणकात हेच झाले होते, आणि लेन्स साफ करण्यात दोन संध्याकाळी गेल्यावर कारण सेटिंगमधल्या एका ओळीत सापडले. डिव्हाइस मॅनेजर उघडून आयडीई कंट्रोलरच्या यादीतला सेकंडरी चॅनेल निवडावा, प्रॉपर्टीजमधल्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ड्राइव्हसमोर सध्याची पद्धत काय लिहिली आहे ते पाहावे. तिथे पीआयओ दिसल्यास तो चॅनेल अनइन्स्टॉल करून संगणक रिस्टार्ट करावा. विंडोज चॅनेल नव्याने शोधते आणि डीएमए परत येते. काही दिवसांत पुन्हा तेच झाले तर केबल बदलावी, आणि एकाच केबलवर दोन उपकरणे असतील तर त्यांच्या मागचे मास्टर आणि स्लेव्हचे जंपर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम उपकरण ठरवणाऱ्या बारीक टोप्या, बरोबर आहेत का ते पडताळावे.

नव्या विंडोजवर सॉफ्टवेअरचा अडथळा अधिक संभवतो. तबकडी घालताच अँटीव्हायरस ती पूर्ण चाळू लागतो, किंवा तबकडी लिहिण्याचे जुने सॉफ्टवेअर आणि आभासी ड्राइव्ह तयार करणारे प्रोग्राम आपापले थर मध्ये घालून ठेवतात. संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरते प्रोग्राम चालू ठेवून, सुरू करावा आणि तीच तबकडी उघडावी. तिथे ती चटकन उघडली तर दोषी असा एखादा प्रोग्रामच आहे, आणि न लागणारे एकेक काढून टाकत गेल्यास तो सापडतो. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतला सिस्टिमचा भागही फार उपयोगी पडतो, आणि तो पाहण्याचा कंटाळा करू नये. सीडीरॉम या नावाने ७ क्रमांकाची, खराब ब्लॉक असल्याची नोंद दिसली तर बोट तबकडीकडे किंवा लेन्सकडे जाते. ११ क्रमांकाची, कंट्रोलरमध्ये चूक झाल्याची नोंद वारंवार दिसली तर केबल आणि पोर्ट तपासावेत.

संगणक सुरू व्हायलाच वेळ लागत असेल तर ड्राइव्हमध्ये एखादी तबकडी विसरली आहे का ते पाहावे. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, सुरुवातीचा क्रम सीडीपासून लावलेला असेल तर संगणक दर वेळी ती तबकडी आधी चाचपतो. फाइल साठवण्याची खिडकी उघडताना होणारी अडखळही पुष्कळदा याच विसरलेल्या तबकडीची असते.

हे सगळे करूनही स्वच्छ, छापील तबकड्या रखडत असतील आणि तोच ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावरही तसाच वागत असेल, तर लेसर क्षीण झाला आहे असे मानून ड्राइव्ह बदलावा. निर्मात्याच्या स्थळावर त्याच मॉडेलसाठी नवे फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आत राहून तो चालवणारे सॉफ्टवेअर, उपलब्ध असेल आणि त्यात वाचनाची सुधारणा नमूद असेल तर आधी ते घालून पाहायला हरकत नाही, मात्र ते काम चालू असताना वीज गेली तर ड्राइव्ह निकामी होतो, याची जाणीव ठेवावी. नवा ड्राइव्ह बसल्यावर महत्त्वाच्या डेटा तबकड्यांच्या आयएसओ प्रतिमा, म्हणजे अख्ख्या तबकडीची एकाच फाइलीतली नक्कल, करून घ्याव्यात. विंडोज ८ पासून पुढे अशी फाइल डबल क्लिक करताच तबकडीसारखी उघडते, आणि तिला ना लेन्स लागते ना मोटर. प्रत झाल्यावर मूळ तबकडी बाहेर काढावी आणि प्रतीतल्या मोठ्या फाइली, विशेषतः यादीत शेवटी असलेल्या, प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. तबकडी बाहेरच्या कडेकडे लिहिली जाते, हाताळताना बोटे त्या कडेलाच लागतात, आणि अर्धवट उतरलेली फाइल बहुधा तिथेच सापडते.